पट्ट्यात येऊन गेला

समाधानने हे करायला नको होतं. परका माणूससुद्धा ओळखीच्या दारावरून जाताना हाक मारून जातो, आणि हा तर सख्ख्या भावाचा मुलगा. पार इकडे रावेरकडे यायचं, आपलं काम साधायचं, आणि आत्याच्या दारात पाऊल न टाकता गुपचूप धुळ्याला परत जायचं! वर पेपरात फोटो छापून आणायचा, म्हणजे आपल्याला कोण किती विचारतं ते आत्याला घरबसल्या कळावं.

झुंबरबाईने पेपर मांडीवर पसरला आणि मथळ्यावरून परत एकदा बोट फिरवलं. शाळा तिने दुसरीत सोडली होती. जोडाक्षर आलं की तिचं बोट थांबायचं, पण मथळा मोठ्या टाइपात होता आणि राग त्याहून मोठा होता, त्यामुळे सगळं लागलं. ‘धुळ्याच्या समाधानला मुख्य पट्ट्यात सापडला काळा लघुग्रह.’

अर्थ सरळ होता. काळा ग्रह म्हणजे शनी. लघु म्हणजे लहान, हे तिला लघुशंकेवरून ठाऊक होतं. आणि पट्टा म्हणजे पट्टा. रावेर, सावदा, फैजपूर, हा सगळा केळीचा पट्टा. त्यात मुख्य कोण, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. कोणाच्या तरी बागेत नांगराच्या फाळाला लहानशी शनीची मूर्ती लागली, आणि ती काढायला धुळ्याहून हा आला. आला आणि गेला.

“आई, तो पट्टा वेगळा असतो,” सून मयुरी दारातून म्हणाली. तिच्या हातात केळीच्या घडांवर घालायच्या पिशव्यांचा गठ्ठा होता. “तो वर—”

“तू या घरात काल आलीस. मी तुझ्या नवऱ्याला कडेवर घेऊन या पट्ट्यात केळी लावली. मला पट्टा शिकवू नकोस.”

मयुरीने सासऱ्यांकडे पाहिलं. जीवरामभाऊंनी खाटेवर कूस बदलली. “अगं, फोन कर की त्याला,” ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

“मी का करू? त्याला देवाने तोंड दिलेलं नाही? आणि बोटं दिली आहेत ती कशाला, नुसता मोबाइल पुसायला?”

सुनेने पिशव्या उचलल्या आणि ती बागेकडे निघून गेली. सासूला समजावायचा प्रयत्न दिवसातून एकदाच करायचा, हा तिचा नियम होता, आणि तो करून झाला होता.

झुंबरबाईच्या मनात मात्र एकच प्रश्न भुंग्यासारखा फिरत होता. पोरगा पट्ट्यात आला, तर जेवला कोणाकडे? आणि उत्तर तिला आधीच माहीत होतं. सावद्याला. लताबाईकडे.

लताबाई म्हणजे समाधानची मावशी, भावजयीची धाकटी बहीण. दिली इथेच, सावद्याला, झुंबरबाईच्या नाकासमोर. तिची केळी दोन दिवस आधी पिकायची, तिच्या पोळ्या जास्त पातळ व्हायच्या, आणि कुठल्याही लग्नात तिचं पातळ झुंबरबाईच्या पातळापेक्षा एक छटा उजळ असायचं. हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण समाधानच्या नावाचं प्रकरण चालण्यासारखं नव्हतं.

तीन पोरींनंतर तिच्या भावाच्या, चिंधाच्या घरी पोरगा झाला, तेव्हा या दोघी बहिणींनी आपसात ठरवून टाकलं होतं की नाव ललित ठेवायचं. मावशीची आवड. बारशाच्या दिवशी झुंबरबाई पाळण्यापाशी गेली, डोक्यावर पदर घेतला, बाळाच्या कानाशी वाकली आणि नाव सांगितलं: समाधान. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिने जे सांगितलं ते झालं. पुढे शाळेच्या दाखल्यावर समाधान, आधार कार्डावर समाधान. पण लताबाई अजून फोनवर त्याला ‘ललितबाळ’ म्हणते. झुंबरबाईने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

दुपारी केळीची गाडी भरायला मोतीलाल आला. पट्ट्यातली प्रत्येक बाग त्याच्या पायाखालची. झुंबरबाईने त्याला बांधावरच गाठलं.

“मोतीलालभाऊ, शनी कोणाच्या बागेत निघाला हो?”

“शनी?” मोतीलालने टोपी मागे सरकवली. “अक्का, माझ्या तर रोजच मागे आहे. बागेत कशाला शोधू?”

“थट्टा नको. सावद्याकडे निघाला का?”

“सावद्याकडे मी सकाळीच होतो. करपा निघालाय, शनी नाही.”

म्हणजे लपवताहेत, झुंबरबाईने ताडलं. तिने बागेतली सगळ्यात भरलेली फणी स्वतः कापली, पिशवीत घातली आणि रिक्षा करून सावद्याला गेली. लताबाईच्या दाराला कुलूप होतं. शेजारची बाई ओट्यावर मिरच्या निवडत होती.

“लताबाई? त्या कालच धुळ्याला गेल्या ना. भाच्याला काय ते सापडलंय, त्याचं नाव ठेवायचंय म्हणे. मला बोलल्या, मीच सुचवणार आहे.”

झुंबरबाईने केळीची पिशवी काखेत मारली. जेवण एक वेळ माफ. दारावरून जाणं माफ. पण नाव? चिंधाच्या घरात नाव ठेवायचंय, आणि ते मावशी ठेवणार?

ती घरी परत गेलीच नाही. सावद्याहून भुसावळ, भुसावळहून जळगाव, जळगावहून धुळ्याची एसटी. मांडीवर केळीची पिशवी, डोळे समोरच्या सीटवर. एरंडोलला शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, “माहेरी का?” झुंबरबाई म्हणाली, “माहेर आहे की नाही, तेच बघायला चालले.” त्यानंतर ती बाई पारोळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

धुळ्यात, देवपुरात, भावाच्या घराचं दार उघडं होतं. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून चिंधाची जागा दाराशेजारच्या खुर्चीत, तिथे तो बसलेला होता. काळासावळा, रुंद, आणि बोलायला महाग. बहिणीला बघून त्याचा चेहरा फुलला, पण तोंडातून निघालं ते एवढंच: “आलीस?”

आत टेबलावर पेढ्यांचा बॉक्स होता. त्याच्या शेजारी केळी. पिवळीधमक, एकाही डागाशिवाय. सावद्याची. झुंबरबाईने आपली पिशवी त्यांच्यावरच ठेवली.

“अय्या, अक्का!” लताबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, मागून भावजय सुनंदाबाई. “कळवलं असतं तर स्टँडवर कोणी आलं असतं ना.”

“मला कोणी कळवलंय, मी कळवायला?” आतल्या खोलीच्या दारात समाधान उभा राहिलेला दिसला, आणि मग मात्र तिच्या तोंडून शहराची भाषा गळून पडली, माहेरची आली. “बठ्ठा गावले ठाऊक, माले काबर नई सांगं रे? पट्ट्यात येऊन गेलास! माझ्या दारावरून गेलास! मावशीकडे पोटभर जेवलास आणि शनी उचलून घेऊन आलास!”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. समाधान पुढे झाला. चष्मा, वाढलेली दाढी, आणि कॉलेजात पोरांना शिकवून बसलेला घसा. आत्याला तो खानदेशी रीतीने फुईच म्हणायचा. “फुई, मी दिवाळीनंतर तिकडे आलोच नाही. कोणता शनी?”

झुंबरबाईने पेपरची घडी कमरेतून काढली आणि त्याच्या हातात दिली. त्याने वाचली. मग त्याला उमगलं, आणि हसू दाबायला त्याने खालचा ओठ चावला. लताबाईने मात्र काहीच दाबलं नाही. ती पदर तोंडाला लावून खाली बसली. “अगं बाई! केळीचा पट्टा! ताई, ऐकलंस का? अक्कांना वाटलं, ग्रह केळीच्या बागेत!”

“फुई,” समाधान घाईने म्हणाला, “हा पट्टा आकाशातला. मंगळ आणि गुरू यांच्या मधे लाखो दगड सूर्याभोवती फिरतात. त्या सगळ्या जागेला मुख्य पट्टा म्हणतात. तिथला एक दगड मला सापडला.”

झुंबरबाईचे कान तापले. पण मागे हटणं तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

“मग आकाशात गेलास तेव्हा सांगायचं,” ती म्हणाली. “आकाश काय सावद्याला आहे? आमच्यावर नाही?”

खुर्चीतून चिंधा खुदकन हसला. समाधानने आत्याचा हात धरला आणि तिला आतल्या खोलीत नेऊन लॅपटॉपसमोर बसवलं.

पडदा पांढरा होता आणि त्यावर काळे ठिपके. “हे तारे,” तो म्हणाला. “ठिपका डोळ्याला लवकर दिसावा म्हणून उलटं करतात, आकाश पांढरं आणि तारे काळे. मी कॉलेजात शिकत होतो तेव्हा मोठ्या दुर्बिणीतून काढलेले असे फोटो यायचे. एकाच जागेचे चार, थोड्या थोड्या वेळाने काढलेले. एकामागून एक दाखवायचे. तारे जागचे हलत नाहीत. दगड असेल तर तो सरकतो. बघ.”

चित्रं फिरू लागली. झुंबरबाईला काही दिसलं नाही. “दिसला,” ती म्हणाली, कारण लताबाई दारात उभी होती. चित्रं परत फिरली, परत फिरली, आणि मग खरंच दिसला. कोपऱ्यात, फिकट, मुंगीपेक्षा बारीक. सगळे जिथल्या तिथे आणि हा एकटाच निघालेला.

“जातोय कुठे हा?”

“सूर्याला फेरी मारायला. एका फेरीला पाच वर्षांहून जास्त लागतात.”

“एवढा काळा?”

“कोळशासारखा. त्याच्यावर शंभर किरण पडले तर जेमतेम चार परत येतात, बाकी सगळे तो पोटात घेतो. त्यात कार्बन आहे, मातीसारखं काही आहे. सूर्याबरोबर जे बनलं त्यातलाच कच्चा माल उरलाय. आधी आम्हाला वाटलं, अगदी लहान आहे. लांबून कळतच नाही, फुई. लहान आणि गोरा असला तरी तेवढाच दिसतो, मोठा आणि काळा असला तरी तेवढाच.”

“मग कळलं कसं?”

“ऊन पोटात घेतलं की तो तापतो ना. अंतराळात एक दुर्बीण होती, तिला उजेडाऐवजी धग दिसायची. तिच्या फोटोंमध्ये याची धग सापडली. तेव्हा कळलं, हा चांगला डोंगराएवढा आहे. नुसता काळा म्हणून कोणी मोजत नव्हतं.”

त्याच्या आवाजात असं काही होतं, की झुंबरबाईला क्षणभर राग कशाचा होता तेच आठवेना. मग आठवलं.

“हे कॉलेजात असताना सापडलं म्हणालास. आणि मला आज पेपरातून?”

“दोनदा हरवला होता, फुई. सूर्याच्या पलीकडे गेला, आणि परत यायला हवा तिथे दिसेना. एवढा फिकट, कोण शोधणार? सापडायचे आणि हरवायचे, असे कितीतरी दगड आहेत. नक्की झाल्याशिवाय कोणाला सांगायचं? आता त्याचा मार्ग पक्का झाला, त्याला कायमचा नंबर मिळाला. म्हणून आता नाव सुचवता येतं.”

“कोणाला सांगायचं म्हणतोस, आणि मावशीला तर सगळं ठाऊक.”

समाधान हळूच म्हणाला, “मावशी फोन करते तेव्हा विचारते, तुझा दगड सापडला का. तू फोन करतेस तेव्हा विचारतेस, पोरगी बघितली का.”

झुंबरबाईने नाकातली मोरणी सारखी केली. ती जागच्या जागी होती.

“आणि नाव?” ती शेवटी म्हणाली.

“आम्ही तेजोमय ठरवलंय,” लताबाई दारातून म्हणाली. “आज रात्रीच पाठवायचंय. ललितबाळ, तू अर्ज उघडून ठेवलायस ना?”

“लताबाई, नाव आत्या ठेवते.”

“अहो, बारसं असेल तर. हे काय बारसं आहे? दगड आहे तो.”

“दगड आहे तर पेढे कसले वाटता?”

लताबाई पाय आपटत स्वयंपाकघरात गेली. सुनंदाबाई दोघींच्या मधे उभी होती तशीच उभी राहिली. चाळीस वर्षं ती तशीच उभी होती.

झुंबरबाईने आवाज खाली आणला. मनातली गोष्ट आता ओठांवर आली होती. एसटीत, पारोळ्याच्या पुढे, ती हळूच मनात येऊन बसली होती. “समाधान. जिवंत माणसाचं नाव चालतं का रे?”

“चालतं. शोधणाऱ्याने स्वतःचं द्यायचं नाही. लहान हवं, बोलता यायला हवं, कोणाला वाईट वाटू नये.”

“झुंबर लहानच आहे,” ती म्हणाली, जणू सहज सुचल्यासारखी.

समाधानचा चेहरा लाल झाला. त्याला नाही म्हणता येईना आणि हो म्हणवेना. तेवढ्यात आतून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि मागोमाग लताबाईचा. “अक्का, काळ्या ठिक्कर दगडाला झुंबर म्हणायचं? जो स्वतः चार किरण परत देत नाही? जग हसेल हो!”

झुंबरबाईने पडद्याकडे पाहिलं. तिचं नाव ठेवणाऱ्यांनी काचेचे लोलक लावलेलं, लखलखणारं झुंबर कुठल्याशा लग्नात पाहिलं होतं. त्या पांढऱ्या पडद्यावर कोपऱ्यातून चाललेला तो काळा ठिपका काही झुंबर होत नव्हता. कितीही ओढलं तरी होत नव्हता. आणि ते खरं होतं म्हणून जास्त झोंबलं. आपलं नाव गेलं. पण आपलं जाऊन लताबाईचं यावं? हजारो वर्षं तो फिरणार आणि लताबाईने दिलेलं नाव मिरवणार? रावेरला रोज वर बघायचं आणि तेजोमय आठवायचं? त्यापेक्षा तो दगड तिसऱ्यांदा हरवलेला बरा.

तिची नजर दाराबाहेर गेली. खुर्चीत चिंधा बसला होता. पेढ्याचा तुकडा त्याने हातातच ठेवला होता, खाल्ला नव्हता. इतका वेळ घरात एवढा आरडाओरडा चालला होता, पण तो एक शब्द बोलला नव्हता. सगळं पोटात.

त्याच्या आधीची तीन भावंडं महिना बघायच्या आत गेली होती. म्हणून हा झाला तेव्हा झुंबरबाईच्या आणि त्याच्या आत्याने त्याला सुपात घातलं, शेजारणीला देऊन टाकलं, आणि एक जुनी चिंधी देऊन परत विकत घेतलं. चिंधीच्या मोलाचा, म्हणून चिंधा. असल्याकडे कोणाची नजर जात नाही, असला जगतो. पुढे शाळेत मास्तरांनी चिंतामण लिहायचं म्हटलं, तेव्हा आत्या शाळेत गेली आणि म्हणाली, जगलेल्या पोराचं नाव बदलायचं नसतं. लहानशी झुंबर तेव्हा तिचा पदर धरून उभी होती.

“दोनदा हरवला म्हणालास?” झुंबरबाईने विचारलं.

“हो.”

“काळा म्हणून कोणी मोजत नव्हतं.”

“हो, फुई.”

“आणि निघाला डोंगराएवढा.”

समाधानने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या नजरेमागोमाग त्याचीही नजर दाराबाहेर गेली, खुर्चीपर्यंत. त्याचे डोळे चष्म्याआड मोठे झाले.

झुंबरबाई उठली. पदर डोक्यावरून घेतला, पुढे ओढला, आणि पाळण्यावर वाकावं तशी लॅपटॉपवर वाकली. “कुर्रर्र,” ती ठिपक्याच्या कोपऱ्यापाशी म्हणाली.

आत्या वाकली की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही बारशाची रीत. सुनंदाबाईचा हात आपोआप वर गेला आणि नणंदेच्या पाठीवर पडला. जरा जोरातच पडला. चाळीस वर्षांचं काहीतरी त्यात होतं. स्वयंपाकघराच्या दारात लताबाई येऊन थांबली. हातात झारा.

झुंबरबाई ताठ झाली. तिने पाठ चोळली नाही. तिने समाधानकडे तोंड केलं.

“नाव कानात सांगतात. पण मी मोठ्याने सांगते, झारा घेऊन उभे आहेत त्यांनाही ऐकू जाऊ दे. त्यानं नाव चिंधा शे. हरवून सापडलेल्याला हेच नाव लागतं, तेजबिज म्हटलं की नजर लागते आणि तिसऱ्यांदा जातो. लिही अर्जात, त्याचं नाव चिंधा, आणि लिही की आत्याने ठेवलं. आणि तुझं सांगते, समाधान. तू हुशार आहेस, पण नात्यात ढ आहेस. पट्टा कुठलाही असू दे, वरचा असू दे की केळीचा, पुढच्या वेळी काही सापडलं तर आधी माझ्या दारात यायचं, मग पेपरात. आणि पोरगी मी बघून ठेवलीय, ते वेगळं.”